आधी सर पडायचे

शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्या जुन्नरच्या दुकानात चहा प्यायलाही सवड नसते. गणवेशांचे गठ्ठे, आयांची घाई, 'वाढत्या अंगाचं शिवा' हा प्रत्येकीचा आग्रह. त्या सकाळी गळ्यात टेप अडकवून मी एका मुलीच्या स्कर्टचं माप घेत होतो आणि फोन वाजला. महाळुंगे पडवळहून सुरेखावहिनींचा, म्हणजे विलासच्या बायकोचा. त्या कधी स्वतःहून फोन करत नाहीत. "अस्लमभाऊ, तुमचा दोस्त सोडून गेला आमाला," एवढंच म्हणाल्या आणि मागून बायकांच्या रडण्याचा आवाज यायला लागला. दोन-तीन दिवस छातीत जळजळत होतं म्हणे. पित्त झालं समजून त्यानं सोडा घेतला, थंड दूध घेतलं. वहिनी दवाखान्यात चला म्हणाल्या तर टोमॅटोची तोडणी उरकू दे म्हणाला. सकाळी पाणी धरायला गेला तो बांधावर बसला, तिथंच... पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि निघालो. त्या मुलीचं माप घ्यायचं राहूनच गेलं.

आता काही आठवडे उलटलेत. गावोगावची माणसं मला भेटली की विलासविषयी बोलतात. कुणी सांगतं आमच्या पोरीला सरांनी राज्याच्या स्पर्धेला नेलं, कुणी सांगतं पोरगं मोबाइल सोडून मॅटवर जायला लागलं. ज्युदोचे सर म्हणून त्याला सगळी पंचक्रोशी ओळखते. ते सगळं खरंच आहे. पण मला आठवत राहतो तो आधीचा विलास, ज्याला पडता येत नव्हतं.

आम्ही भेटलो पुण्यात, विद्यापीठाच्या वसतिगृहात. मी एम.कॉम.ला, तो एम.ए.ला. खानदेश आणि मराठवाड्याच्या पोरांत आम्ही दोघंच लगतच्या तालुक्यांतले, त्यामुळे दोस्ती व्हायला वेळ लागला नाही आणि भांडायलाही. तुम्हा जुन्नरकरांना शिवनेरीशिवाय दुसरं सांगायला आहे काय, असं तो म्हणायचा. तुमच्या तालुक्याचं तर मूळ आंबेगाव गावच धरणाच्या पाण्यात गेलं, तुम्ही काय सांगणार, असं मी म्हणायचो. त्याला सांगण्यासारखं होतं ते एकच, आणि ते तो कुणालाही पहिल्या भेटीतच सांगून टाकायचा. त्याचे वडील किसन पैलवान. घरात आणि गावात सगळे त्यांना नाना म्हणत. आसपासच्या जत्रांच्या आखाड्यांत नानांची पाठ कुणी मातीला लावू शकलं नव्हतं. चितपट हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. विलास चालायला लागला तेव्हापासून तालमीत. पण अंगानं किरकोळ निघाला आणि विद्यापीठाच्या कुस्ती संघात त्याच्या वजनी गटात आधीच दुसरा तगडा गडी बसलेला. निवड हुकली त्या दिवशी तो क्रीडा विभागाच्या पायरीवर तोंड पाडून बसला होता. ज्युदो शिकवणाऱ्या मॅडम तिथून चालल्या होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज इतका हळू की जवळ जाऊन ऐकावं लागे. कुस्ती खेळतोस ना, मग उद्यापासून आमच्याकडं ये, म्हणाल्या. हा संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. एकट्याला जायची लाज वाटत होती त्याला. मी आयुष्यात कात्रीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, पण सरावानंतर अंडी आणि केळी मिळतात असं कळलं आणि मेसच्या जेवणाला मी कंटाळलो होतो. अशा थोर हेतूनं मी ज्युदो क्लबात दाखल झालो.

पहिली अडचण कपड्यांची. तो जाड पांढरा अंगरखा दुकानात घ्यायचा तर आम्हाला परवडणारा नव्हता. मी मापं घेऊन जुन्नरला गेलो आणि अब्बांना सांगितलं की असा असा सदरा पाहिजे. अब्बांनी मांजरपाटाचे दोन सदरे शिवून दिले, इतके सुबक की लग्नात घालावेत. पहिल्याच दिवशी विलासनं माझी कॉलर धरली आणि ती त्याच्या हातात आली. अख्खा हॉल हसला. अब्बांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार लागलं. धरून ओढायचंच कापड आहे हे आधी सांगायचं नाही का, म्हणाले. मग त्यांनी मांजरपाटाचे थर एकावर एक घालून गोधडीसारखे दाट टाके मारले. ते अंगरखे आम्ही दोन्ही वर्षं वापरले. उन्हाळ्यात त्यात जीव जायचा, पण एक टाका उसवला नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. मॅडमचा नियम होता की ज्याला पडता येत नाही त्याला कुणी टाकायचं नाही. त्यामुळे नव्या पोरांना पहिले कितीतरी दिवस दुसरं काही नाही, नुसतं पडणं. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, मागं कलंडायचं आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात मॅटवर आपटायचे. मग उभं राहून तेच. मला हे फार आवडलं. मला कसली अब्रू होती, शिंप्याचा पोरगा मी. धपाधप पडायचो. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं पडणं दाखवायला सांगितलं तेव्हा तर शाळेत न मिळालेलं पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं झालं. विलासला मात्र जमेना. जमेना म्हणजे काय, त्याचं अंगच ऐकेना. मागं कलंडला की मध्येच मासळीसारखा वळायचा आणि पोटावर यायचा. लहानपणापासून नानांनी तेच अंगात भिनवलं होतं. काही होवो, पाठ लागू द्यायची नाही. मॅडम शांतपणे म्हणायच्या, पुन्हा. तो पुन्हा वळायचा. त्याचे कान लाल व्हायचे. वसतिगृहावर परतताना तो माझ्याशी बोलायचा नाही आणि अंडं मात्र माझ्या वाटणीचंही खायचा.

एकदा मॅडम ऑफिसात गेल्या होत्या. विलास मला म्हणाला, तू मला कमरेवर घेऊन टाक, मी बघतो काय होतं ते. मी नको नको म्हणत होतो, पण त्याला कुणी नको म्हटलं की ते करावंच लागे. मी टाकला. माझ्या आयुष्यातला तो पहिला डाव, आणि काय आश्चर्य, तो लागला. विलास हवेत वळला, पाठ वाचवायला हात खाली टेकवला आणि मनगटातून कट् असा आवाज आला. प्लास्टर चढलं. नाना पुण्यात धावत आले, बरोबर तुपाची बरणी आणि डिंकाचे लाडू. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, वाकडे झालेले कान, पांढरंशुभ्र धोतर. कुणाबरोबर खेळताना झालं म्हणून विचारलं त्यांनी. विलास माझ्याकडं न बघता म्हणाला, बाथरूममध्ये घसरलो. शिंप्याच्या पोरानं टाकलं हे सांगायची त्याची छाती झाली नाही, आणि ज्युदोचं तर नावही घेतलं नाही त्यानं. लाडू मात्र आम्ही दोघांनी मिळून संपवले. प्लास्टर निघालं आणि हात सरळ निघाला तेव्हा नाना ओझरला जाऊन विघ्नहराला नारळ फोडून आले. त्यातला प्रसाद त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्यासाठीही पाठवला होता.

मला वाटलं, विलास आता क्लब सोडणार. तो सोडणारा असता तर पुढचं काही झालंच नसतं. एका रविवारी दुपारी हॉल रिकामा असताना तो मला घेऊन गेला आणि म्हणाला, मला शिकव. मी त्याला आधी नुसतं उताणं झोपायला लावलं. तो झोपला. त्याला म्हटलं, आता उठून बस आणि परत झोप, हात आपट. कितीतरी वेळ आम्ही तेवढंच केलं. मग उकिडवं बसून. मग उभं राहून. उभ्यानं मागं जाताना त्याचा चेहरा असा झाला की जणू विहिरीत ढकलतंय कुणी. आणि तो पडला, न वळता, सपशेल पाठीवर. हात आपटल्याचा आवाज रिकाम्या हॉलभर घुमला. तो तसाच पडून राहिला छताकडं बघत. मी घाबरून वाकलो तर हसत होता.

"पाठ लागली राव," तो म्हणाला. "पाठ लागली... आन कायच झालं न्हाई."

त्या दिवसानंतर तो बदलला. कुस्ती त्याच्या अंगात होतीच. आता भीती गेल्यावर ज्युदो त्याला असा चढला की वर्षभरात क्लबात त्याला धरणारं कुणी उरलं नाही. माझं सांगण्यासारखं काही नाही. मी शेवटपर्यंत पडण्यातच प्रवीण राहिलो. पुण्यातच विद्यापीठांच्या स्पर्धा ठरल्या तेव्हा विलासनं नानांना खरं काय ते सांगितलं आणि बघायला बोलावलं. मी त्याला म्हटलं होतं की घाई करू नकोस. त्याला वाटत होतं की नानांनी एकदा बघितलं की त्यांना कळेल. नाना फेटा बांधून आले, पहिल्या रांगेत बसले. विलासनं पहिल्या दोन लढती मारल्या. नाना मांडीवर थाप मारत होते, शेजारच्याला पोरगा आपला आहे म्हणून सांगत होते. तिसऱ्या लढतीत पंजाबकडचा एक पोरगा होता. त्यानं विलासला असा स्वच्छ उचलून टाकला की पंचांनी लगेच हात वर केला, लढत संपली. विलास सुरेख पडला. उठला, अंगरखा सारखा केला, समोरच्याला वाकून नमस्कार केला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसला. मी नानांकडं बघितलं. ते उठून बाहेर गेले होते.

परतीच्या एसटीत नाना विलासपासून लांब, पुढच्या सीटवर बसले. मी त्यांच्या शेजारी. पेठ गेलं, घाट उतरला, मंचर गेलं, त्यांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. कळंबला उतरायची वेळ आली तेव्हा मला म्हणाले, "पडला त्याचं कायी न्हाई, पावणं. माती हाय, पडतो मानूस. पर पडून हसला त्यो... पैलवानाच्या पोराला पडून हसू येतं व्हय?" ते दोघं उतरले आणि रस्त्याच्या कडेनं मागंपुढं चालू लागले.

त्यानंतर बापलेकांत ज्युदोचा विषय कधी निघाला नाही. भांडण नव्हतं. एका घरात राहत होते, एका ताटलीतून भाजलेल्या शेंगा खात होते, पाण्याच्या पाळीवरून, बियाण्यावरून बोलत होते. विलास शिकून गावी परतला, शेती बघायला लागला, लग्न झालं. मग त्यानं घराजवळची कांदा साठवायची जुनी बराख रिकामी केली, खाली भुसा आणि वर ताडपत्री ताणून मॅट केली आणि गावातली पोरं गोळा केली. नंतर खरी मॅट आली. मुलीही यायला लागल्या, तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली आणि विरून गेली. पोरांचे अंगरखे मी शिवत होतो, अब्बांच्या त्याच पद्धतीनं. माझं दर महिन्याला जाणं व्हायचं. नाना बराखीत कधी पाऊल टाकत नसत. गोठ्याकडं जायची सरळ वाट तिच्या दारावरून होती, तर ते मागच्या बाजूनं, बाभळीच्या काट्यांतून वळसा घालून जात. विलास ते रोज बघायचा. एकदाच मला म्हणाला होता, नानांनी एक दिवस आत येऊन बसावं, बाकी मला काही नको. पोरं कशी पडतात ते बघावं त्यांनी. मी म्हटलं, येतील, म्हातारी माणसं उशिरा वळतात. वय नानांचं झालं होतं, त्यामुळे वेळ कमी पडला तर तो नानांचा पडेल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. नानांना जरा खोकला झाला तरी विलास गाडी काढायचा. आम्ही सगळे चुकीच्या माणसाची काळजी करत बसलो.

दशक्रियेला नदीकाठच्या घाटावर खूप माणसं होती. आमच्या भागात दशक्रिया म्हणजे मांडव, माइक आणि भाषणं. प्रवचन झालं, मग एकेक जण श्रद्धांजलीला उठू लागला. ज्यांनी विलासच्या मॅटला कधी पाय लावला नव्हता तेच जास्त बोलले. मला अशा वेळी उठून जावंसं वाटतं, पण वहिनींसाठी बसून राहिलो. शेवटी तालुक्याचे एक पुढारी उठले. त्यांनी किसन पैलवानांच्या कुस्तीपासून सुरुवात केली आणि आवाज चढवत म्हणाले, जसा बाप तसा लेक, आमच्या विलासरावांचीही पाठ कधी जमिनीला लागली नाही. समोर सतरंजीवर त्याची पोरं बसली होती, पांढऱ्या अंगरख्यांत. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. रोज ज्याला आपल्यासमोर पडताना बघितलं त्याच्याविषयी हे काय चाललंय, त्यांना कळेना. पुढारी चुकीचं बोलत होते असं मोठ्यांपैकी कुणाला वाटलंच नाही, कारण आमच्याकडं मेलेल्या पैलवानाचा मान करायचा तर हेच म्हणतात. लोकांनी माना हलवल्या.

नाना काठी टेकत उठले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय, म्हणून मी धरायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि माइक मागितला.

"समद्यांचा मान राखून सांगतो," ते म्हणाले. "ह्ये खरं न्हाई. माझ्या पोराची पाठ लागली व्हती. म्या सवता पाह्यलंय, पुण्याला. पार चितपट. आन उठून हसला व्हता त्यो." माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "माझी पाठ कुनी लावली न्हाई म्हनत्यात. आता लागंल, आता लागंल, ह्या भ्यानं म्या आखाड्यात उतरायचंच सोडलं. तिशीत सोडलं. कुनाला सांगितलं न्हाई. त्यो रोज पडत व्हता आन रोज उठत व्हता... मला त्याचा राग न्हवता. मला त्याच्याकडं बघवत न्हवतं."

माइक कुणाच्या हातात द्यावा हे त्यांना कळेना. शेवटी मी घेतला. त्यानंतर कुणी भाषण केलं नाही. पिंडाला कावळा लवकर शिवला. लोक म्हणाले, इच्छा राहिली नव्हती काही. मला तसं वाटत नाही. एक होती, आणि ती पुरी होईल असं बोलणारा माणूस दहा दिवस उशिरा बोलला. नानांना मी दोष देत नाही. त्यांच्याहून जास्त शिक्षा त्यांना कोण देणार. पण विलासनं हे ऐकायला हवं होतं. त्यानं त्यातलं अर्धंही ऐकलं असतं तरी...

मागच्या आठवड्यात मी दुरुस्तीचे अंगरखे घेऊन महाळुंग्याला गेलो. बराख पुन्हा सुरू झाल्याचं वहिनींनी कळवलं होतं. विलासची जुनी विद्यार्थिनी गौरी आता मंचरला कॉलेजात आहे, ती संध्याकाळी येऊन पोरांचा सराव घेते. मी दाराशी चपला काढत होतो तेवढ्यात नाना आले, घराकडून, सरळ वाटेनं. दारात क्षणभर थांबले. मग त्यांनी पायातलं काढलं, वाकून बोटांनी मॅट चाचपली, जमीन किती मऊ आहे ते बघावं तशी, आणि भिंतीला टेकून काठाशी बसले. मी त्यांच्या शेजारी. पोरं रांगेत उभी राहिली, वाकून नमस्कार केला. आणि मग कुणी हलेना. गौरीही गप्प उभी. मला कळेना काय खोळंबलंय. मी तिला खुणेनं विचारलं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, आधी सर पडायचे. रोज. पोट सुटलं होतं तरी, कंबर दुखत असली तरी, पोरांच्या आधी विलास मॅटच्या मधोमध उभा राहायचा आणि स्वतः सपशेल पाठीवर पडून दाखवायचा. त्याशिवाय कुणी सुरू करायचं नाही असं ठरून गेलं होतं. म्हणून आताही पोरं मॅटच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघत तेवढा वेळ थांबतात. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

गौरी म्हणाली ते नानांनी ऐकलं होतं. ते त्या जागेकडं बघत राहिले. बराखीच्या फटींतून ऊन मॅटवर पडलं होतं. एक लहान मुलगी कंटाळून या पायावरून त्या पायावर होऊ लागली. नानांनी घसा साफ केला.

"पडा, पोरांनो," ते म्हणाले. "मी हाय हितं."